टेनरचं पुस्तक

आउडेबेके, फ्लँडर्स
९ नोव्हेंबर १५३१

योस्त,

तुझं पत्र पोचलं. तुमच्या ड्यूकचे संगीतप्रमुख वारले हे वाचून वाईट वाटलं. त्यांची गाणी मी पाहिलेली आहेत, त्यामुळे फार वेळ वाटलं नाही. ड्यूक येत्या फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणाला, चर्चच्या उपासनेसाठी नवी मिस्सा गाऊन घेणार आणि ज्याची पसंत पडेल त्याला ती जागा देणार, ही बातमी तू इतर कुणाच्या आधी मला कळवलीस. एका मास्तरच्या छड्या दोघांनी खाल्ल्याचा हा पहिला फायदा.

इथली हकीकत ऐक. आमचे नवे मुख्य पाद्री, फादर वालेरियान, जर्मनीतल्या धर्मसुधारकांच्या भानगडी ऐकून घाबरलेत. त्यांच्या मते देवाला एका वेळी एकच आवाज नीट ऐकू येतो. पाच जण पाच वाटांनी गायले की म्हणे शब्द कळत नाहीत. मी म्हटलं, “फादर, शब्द लॅटिन आहेत. एकटा माणूस गायला तरी गावाला कुठे कळतात?” या उत्तराचं बक्षीस म्हणून येत्या संत योहानाच्या सणाला मला निरोप मिळणार आहे. म्हणजे जूनअखेर मी रस्त्यावर. वय सेहेचाळीस, गळा बसलेला, आणि पाच आवाजांची रचना करण्याखेरीज दुसरं काही येत नाही. असा माणूस बाजारात काय विकणार? तेव्हा तुमची जागा मला हवी आहे असं नाही, योस्त. तुमची जागा मला मिळालीच पाहिजे.

मिस्सा तयार आहे. रिवाजाप्रमाणे प्रत्येक आवाजाचं वेगळं पुस्तक, एकूण पाच. एकाच्या पुस्तकात दुसऱ्याचा एक सूर नाही. ज्या पाटीवर सगळं एकत्र मांडलं होतं, ती पुसून टाकली. मागे एका छापणाऱ्याने माझं स्तोत्र दुसऱ्याच्या नावावर खपवलं, ते मी विसरलेलो नाही. म्हणून चार पुस्तकं तुमच्याकडे इटलीला येणाऱ्या लोकरवाल्याबरोबर पाठवतोय आणि टेनरचं, म्हणजे मधल्या आवाजाचं, पुस्तक तिकडेच निघालेल्या भिक्षू ब्रदर गॉमारच्या झोळीत, वेगळ्या वाटेने. टेनर सगळ्यांना धरून ठेवतो. तो नसला तर बाकीचे चार म्हणजे खांबाशिवायचं छप्पर. चोराने ते खुशाल न्यावं.

टेनरमध्ये कोणती चाल घातलीय ते सांगत नाही. तू लहानपणापासून ओळखतोस. ओळखलीस तर तोंड बंद ठेव.

लीवेन


रोकाफेर्ना
५ फेब्रुवारी १५३२

लीवेन,

बस खाली, हातातलं खाली ठेव आणि मग वाच. ड्यूकना मिस्सा आवडली. आवडली म्हणजे काय, जेवणाच्या वेळेला आवडली. ग्लोरियाचा भाग संपल्यावर हात वर करून म्हणाले, “पुन्हा.” पाद्री वेदीपाशी ताटकळत उभा, पोटं गुरगुरतायत, आणि आम्ही ग्लोरिया पुन्हा गातोय.

टेनरचं पुस्तक अगदी वेळेवर मिळालं. ब्रदर गॉमार सणाच्या आदल्या दुपारी येऊन थडकला. अंगभर चिखल, एका पायात बूट, दुसऱ्याला फडकं. आल्या आल्या आख्खी कोंबडी संपवली, मग पुस्तक काढून दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघूनही गेला. भला माणूस.

आमचे ड्यूक तुला आवडतील. ते व्हिओल हे तंतुवाद्य वाजवतात, म्हणजे व्हिओल सोसते. गाणं चालू असताना वरच्या आवाजाचं पुस्तक हातात धरून बसतात आणि मान हलवतात, कधी कधी बरोबर ठिकाणी. मिस्सा संपल्यावर सगळ्या दरबारासमोर म्हणाले, “हा टेनर बघा! इतरांचे टेनर बसून राहतात, आमच्या मंत्र्यांसारखे. हा चालतो!” मंत्री हसले. त्यांना हसावंच लागतं.

आमच्याकडचा एर्कोलानो, जो ही जागा आपल्या बापाची समजत होता, त्याचं तोंड व्हिनेगर प्याल्यासारखं झालं होतं. आम्हा उत्तरेकडच्यांना तो लोणीखाऊ म्हणतो. परवा मला (इथे सगळे मला जुस्तो म्हणतात) म्हणाला, “जुस्तो, तुमच्या गावात लोणी टेनरलाही फासतात वाटतं. घसरत जातो नुसता.” मी म्हटलं, “माएस्त्रो, तुमचा तर लोणी फासूनही हलणार नाही.”

ड्यूक म्हणतात, उन्हाळा सरेपर्यंत या. येताना सप्टेंबरातल्या मरियेच्या जन्माच्या सणासाठी पाच आवाजांचं एक स्तोत्र आणा, टेनर असाच चालता हवा. ते पसंत पडलं की नेमणूक पक्की. तेव्हा सामान बांध. चीज आण. इथलं चीज खाऊन खाऊन मी माणसातून उठलोय.

तुझा योस्त


आउडेबेके
१४ मार्च १५३२

योस्त,

पत्र वाचून आनंद झाला. रात्री दोनदा वाचलं, आनंद दुप्पट झाला. सकाळी तिसऱ्यांदा वाचलं आणि डोकं खाजवत बसलो.

माझा टेनर चालतो? माझा टेनर बसलेला आहे, योस्त. मी त्याला मुद्दाम बसवलाय. त्यातला एकेक सूर पाद्रीमंडळाच्या जेवणाइतका लांब आहे. बाकीचे चार आवाज त्याच्याभोवती घारीसारखे घिरट्या घालतात, तो जागचा हलत नाही. हीच तर त्याची शोभा. तुमच्या ड्यूकना व्हिओल कळत नसेल, पण हलणारी आणि न हलणारी वस्तू यातला फरक राजालाही कळतो.

दुसरं. गेल्या आठवड्यात ब्रदर गॉमार परत आला. तो लूसर्नच्या पलीकडे गेलाच नाही. आल्प्सच्या घाटाच्या तोंडाशी पाय मुरगळून मठात पडून होता, म्हणून त्याने पुस्तक एका खेचरवाल्याच्या हवाली केलं. खेचरवाल्याने सांगितलं होतं की बर्फ वितळल्याशिवाय घाट चढणार नाही. मी गॉमारला तुझ्या कोंबडीबद्दल विचारलं. म्हणाला, “मी तर नाताळपासून लापशीवर आहे.” त्याला फार वाईट वाटलं. आपल्या नावावर कुणी कोंबडी खाल्ली आणि आपल्याला चवही लागली नाही, असं.

लहानपणीही खोटं बोलताना तू असाच रंगवून सांगायचास. खरं सांगताना तुला दोन वाक्यं पुरतात. तेव्हा आता दोनच वाक्यांत लिही. मेणबत्त्यांच्या सणाला तुम्ही काय गायलात?

लीवेन


रोकाफेर्ना
२० एप्रिल १५३२

लीवेन,

टेनरचं पुस्तक आलं नाही. टेनर मी लिहिला.

झाली दोन वाक्यं. आता बाकीचंही ऐकून घे, कारण चूक तुझी आहे. चार पुस्तकं एका वाटेने आणि पाचवं दुसऱ्या वाटेने पाठवायची अक्कल कुणाची? चोर मिळाला नाही, तर आपणच आपल्याला लुटलं.

सण चार दिवसांवर आला आणि पुस्तकाचा पत्ता नाही. ड्यूकना जाऊन सांगितलं असतं की मिस्सा अपुरी आहे, तर एर्कोलानो खिशात आपली मिस्सा घेऊन उभाच होता. तुझी जागा तिथेच गेली असती आणि जूनमध्ये तू रस्त्यावर. मग मी आमच्यातल्या चौघांना चर्चमागच्या खोलीत बसवलं, शपथा घातल्या आणि तुझे चार आवाज गायला लावले. मी मध्ये उभा राहून ऐकत होतो. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते ना, तसं झालं. कुठे काय नाही ते नेमकं कळत होतं. पण तिथे काय होतं ते कळेना. मी ती भोकं बुजवत गेलो. एक सूर सापडला की तिथून पुढच्यापर्यंत जायला वाट करायची. तुझे चौघे एक क्षण स्वस्थ बसत नाहीत, मग माझा तरी कसा बसणार? म्हणून तो चालतो. त्याला ड्यूकनी चालायला सांगितलं नव्हतं, लीवेन, तुझ्या सगळ्यात खालच्या आवाजाने, खर्जाने, ढकललं.

सणाला तो मीच गायलो. “पुन्हा” म्हणाले तेव्हाही मीच.

आता तुझं खरं पुस्तक आलंय. कोपरे खेचराने खाल्लेत, पण वाचता येतं. आम्ही खोलीत ते गाऊन पाहिलं. तिसऱ्या सुराला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हरामखोरा, हे ‘राखाडी बदक’! आपल्या नदीवर धुणाऱ्या बायका पाद्र्याच्या चड्डीवरून जे गाणं म्हणायच्या, ते तू मिस्साच्या पोटात घातलंस, आणि इतकं ताणून की देवालाही ओळखू येऊ नये. मी हसत सुटलो. बाकीचे चौघे इटालियन, त्यांना वाटलं मला भक्तीचा झटका आला.

तुझा टेनर चांगला आहे. पण खरं सांगू? खांब आहे. खांबाला कुणी “पुन्हा” म्हणत नाही.

माझा टेनर नकलून सोबत पाठवतोय. स्तोत्राचं काय करायचं ते तू ठरव. मला टेनर चालवता येतो, त्याच्याभोवती चार भिंती बांधता येत नाहीत. तुला भिंती येतात. ड्यूकना यातलं काही माहीत नाही. माहीत व्हायचं कारणही नाही.

योस्त


आउडेबेके
२७ मे १५३२

योस्त प्लाउम यांस,

मी घराला खांब दिला होता. तू तो काढून तिथे माकड बांधलंस, आणि राजाने माकडासाठी घर विकत घेतलं.

तुझा टेनर मिळाला. मी तो पाहणार नव्हतो. मग म्हटलं, चुका तरी मोजू. चार जणांना घरी बोलावलं, बिअर दिली, आणि टेनर मी माझ्या फाटक्या गळ्याने गायलो. ग्लोरियाच्या शेवटी तुझा टेनर आणि माझा खर्ज पंचमाचं अंतर राखून जोडीने खाली उतरतात, लग्नाच्या वरातीतून निघाल्यासारखे. यासाठीच मास्तर आपल्याला कानाखाली द्यायचे. त्यांच्या नावाने मी ते दोन सूर बदलले. क्रेडोच्या भागातही एका जागी हात फिरवला. सांक्तुसमध्ये काही बदललं नाही, कारण वेळ नव्हता.

गाणं संपलं. मग आमचा खर्जवाला, जो बेकर आहे आणि ज्याला मी कधी कौतुक करताना ऐकलेलं नाही, तो म्हणाला, “लीवेन, हे तू केलंयस होय?” मी म्हटलं, “बिअर पी.”

आता माझा निर्णय. दुसऱ्याच्या टेनरवर मी भाकरी खाणार नाही. ज्या गोष्टीसाठी ड्यूक मला बोलावतायत ती माझी नाही. सोबत त्यांच्या नावाचं मोहोरबंद पत्र आहे. त्यात सगळं सरळ लिहिलंय. खांब माझा, माकड योस्तचं, आणि टेनर आवडला असेल तर जागाही योस्तला द्यावी. ते पत्र तू स्वतः नेऊन द्यायचं. तुला दरबारातून हाकलतील की डोक्यावर घेतील, मला ठाऊक नाही. मला हाकलण्याची तारीख ठरलेलीच आहे, त्यामुळे माझी काळजी करू नकोस.

पत्र जाळलंस तर मला कळेल. तू पुन्हा कोंबडी खाल्ल्याचं लिहिशील.

लीवेन हॉर्नार्ट


रोकाफेर्ना
२ जुलै १५३२

लीवेन,

पत्र दिलं.

आठवडाभर उशीखाली ठेवलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. मग एका सकाळी उठलो, सणाचा कोट घातला आणि गेलो. सणाचा कोट का घातला ते विचारू नकोस.

ड्यूक व्हिओलीला तार लावत होते. पत्र फोडून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग हसू लागले. एर्कोलानोही तिथेच होता. ते त्याला म्हणाले, “बघा, शिका काहीतरी. याला म्हणतात थोर माणूस. इतकं सुंदर काम करून श्रेय कुणाला देतोय, तर माझ्या चर्चमधल्या तिसऱ्या टेनरला!”

मी म्हटलं, “सरकार, पत्रात आहे ते खरं आहे. तो टेनर मीच—”

“जुस्तो,” ते म्हणाले, “नम्रपणा गुरूला शोभतो. त्याचा फायदा घेणं शिष्याला शोभत नाही.”

“सरकार, मी त्याचा शिष्य नाही. आम्ही एकाच मास्तरकडे—”

“अरे, आल्प्सपलीकडच्या एका माणसाने टेनरला चालायला शिकवलं, असं मी शेजारच्या दरबारांना कळवून बसलोय. आणि तो माणूस अकरा वर्षं माझ्याच स्वयंपाकघरात जेवतोय म्हणतोस? माझ्या घरात असता तर मला कळलं नसतं?”

मी कोटाची बटणं बघत उभा राहिलो. एर्कोलानो माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं, लीवेन. आख्ख्या दालनात एकट्या त्यालाच कळलं होतं. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता टोमणा मारणार. पण तो एवढंच म्हणाला, “ग्लोरियाच्या शेवटी दोन पंचम लागोपाठ आहेत. सुधार.” आणि गेला.

तर तुझी नेमणूक पक्की. स्तोत्राचीही अट ड्यूकनी काढून टाकली, पण सणाला ते हवंच आहे आणि टेनर चालता हवा आहे. तुझ्या नम्रपणावर खूश होऊन त्यांनी ही जागा तुला दिलीय. माझी जागा आहे तिथेच आहे, डावीकडून तिसरी, खांबाच्या मागे.

चिडलोय का? हो. तुझ्यावर नाही. तू जेवढं करता येईल तेवढं केलंस. ये. टेनर लागेल तेव्हा सांग, लिहून देईन, नाव नको. चीज मात्र विसरू नकोस, तेवढं तरी माझ्या नावावर येऊ दे.

योस्त


लूसर्न
१९ ऑगस्ट १५३२

योस्त,

मी वाटेवर आहे. गॉमारचा पाय जिथे मुरगळला त्याच मठात उतरलोय, तीच लापशी खातोय. खेचर मिळालं की घाट चढेन. हे पत्र आणि सोबतचं बोचकं घोडेस्वार टपालवाल्याकडे देतोय, म्हणजे माझ्या बरेच दिवस आधी पोचेल.

निघण्याआधी आउडेबेकेत एक गंमत झाली. संत योहानाच्या सणाला, माझ्या शेवटच्या दिवशी, फादर वालेरियान म्हणाले, “जाताना एकदा तरी साधं गा. एक आवाज, कळतील असे शब्द.” मी माझा टेनर घेतला, तोच, खांब, आणि त्यावर स्तुतीचे शब्द बसवून एकटाच गायलो. राखाडी बदक, उभं आडवं ताणलेलं, दुसरं काही नाही. फादरांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, “लीवेन, हे खरं देवाचं संगीत. इतके दिवस कुठे लपवलं होतंस? राहा. जागा तुझीच.” मागच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या धोबीण बार्बाराने चाल ओळखली असावी, कारण ती डोक्यावरच्या फडक्याने तोंड दाबून बसली होती.

म्हणजे बघ. तिथे तुझ्या टेनरसाठी मला जागा मिळतेय आणि आउडेबेकेत धोबिणींच्या गाण्यासाठी. स्वतःच्या चार आवाजांसाठी मला आजवर कुणी विचारलेलं नाही. राहावं का, असा विचार मी महिनाभर केला. मग तुझं जुलैचं पत्र आलं. त्यातला कोट डोक्यातून जाईना. फादरांना सांगितलं, राहत नाही.

आता बोचकं सोड. सणाचं स्तोत्र आहे. मे महिन्यापासून लिहीत होतो. तेव्हा तुला कळवलं नाही, कारण तेव्हा मी तुझ्यावर रागावलो होतो आणि रागावलेला माणूस तुझ्या टेनरसाठी जागा सोडून चार आवाज लिहीत बसलाय हे शोभलं नसतं. या वेळी पाचही पुस्तकं एकत्र पाठवतोय. चोराने नेली तरी हरकत नाही, पाचवं कोरं आहे.

रेघा मी आखून दिल्यात. सूर एकही नाही. पण पहिलं पान बघ. कर्त्याचं नाव जिथे लिहितात, तिथे चार पुस्तकांवर माझं आहे. पाचव्यावर लिहिलंय ‘योस्त प्लाउम, आउडेबेकेचा’. त्यासाठी चांगली काळी शाई वापरलीय, माझ्या नावाला मठातली फिकी पुरली. घाबरू नकोस. तूच लिहिलंस की ड्यूक वरच्या आवाजाचं पुस्तक हातात धरून बसतात. टेनरच्या पुस्तकात टेनर गाणाऱ्यांखेरीज कुणी डोकावत नाही. ते दरबाराला दिसणार नाही, शेजारच्या राजांना कळणार नाही. पण आपण दोघं गेल्यावर खांबाच्या मागे तुझ्या जागी जो कुणी उभा राहील, तो हे पुस्तक उघडेल आणि गायच्या आधी तुझं नाव वाचेल. यापुढे माझ्या प्रत्येक गाण्याचं पाचवं पुस्तक असंच येईल. नाहीतर मी चार आवाजांचीच गाणी लिहीन आणि ड्यूकना सांगेन की चालणारा दमला.

चीज माझ्याबरोबर आहे. अर्धं उरलंय.

सणाच्या आधी भरून ठेव. हवा तेवढा चालव, पळव, नाचव. फक्त खर्जाबरोबर जोडीने खाली उतरवू नकोस. मागच्या वेळी चूक माझ्या नावावर खपली. आता पानावर नाव तुझं आहे.

लीवेन